शेपूचा तिसरा वाफा

पेरणीच्या वेळेबद्दल इतका काटेकोर आणि स्वतःच्या बाबतीत इतका हटकून उशीर करणारा माणूस यमुनेच्या दोन्ही काठांवर माझ्या भाऊजींसारखा दुसरा झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेतीखात्याच्या दिल्लीतल्या कचेरीत बसून त्यांनी सगळी नोकरी सुगंधी तेलाच्या पिकांवर काढली. पुदिना, गवती चहा, बडीशेप, शेपू कधी पेरायचं आणि दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, याची पत्रकं ते लिहीत आणि ती गावोगाव जात. स्वतः मात्र त्यांनी कधी कुंडीत तुळससुद्धा लावली नाही. ती ताई लावी. लग्न केलं पस्तिशीला, स्कूटर शिकले पन्नाशीला, आणि घर तर निवृत्त झाल्यावरही बांधायचंच होतं.

वेळ आणि अंतर, एवढ्यावर त्यांचं जग चाले. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला लोक दाटीनं उभे राहिले की हे टाळ खाली ठेवून एकेकाला दंडाला धरून बाजूला सरकवत. "दाटीत सगळे नुसते उंच होतात हो, अंगानं भरत नाहीत!" पंगतीत पानं जवळ मांडली की स्वतः उठून लांब करत, शेवटची चार माणसं मग जिन्यात जेवत. गाझियाबादला आमच्या नव्या सोसायटीत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मान वर करून सगळे मजले न्याहाळले आणि म्हणाले, "मेहुणीबाई, माणसं फार दाट पेरलीत. वाढतील उंच, पण बी धरणार नाहीत." माझी दोन मुलं तेव्हा माझ्याच हाताला धरून उभी होती.

गुडगावच्या नव्या सेक्टरात त्यांना एक प्लॉट मिळाला होता. तेव्हा तिथे रस्त्यांना नंबर होते, पण रस्ते नव्हते. ताईनं सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये केला, भाऊजींच्या निवृत्तीनंतर तेही सोडून ती भाड्याच्या दोन खोल्यांत आली. त्यात नोटीस आली: येत्या उन्हाळ्यात बांधकाम सुरू झालं नाही, तर प्लॉट परत घेतला जाईल. ताईनं अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन ठरवून टाकलं. भाऊजी म्हणाले, "बिल्कुल. फक्त त्याआधी एक हंगाम मला दे. जन्मभर लोकांना सांगितलं, एकदा स्वतः पेरून तेल काढतो."

त्यांनी शेपू पेरला. तीन वाफे केले. पहिला दसऱ्याच्या सुमारास, दुसरा दिवाळीनंतर, तिसरा तुळशीचं लग्न उरकल्यावर. प्रत्येक वाफ्याची अर्धी बाजू दाट, अर्धी विरळ. मी हिशेब केला. तेल दाण्यात असतं. तिसऱ्या वाफ्याचा दाणा अक्षय्य तृतीयेपर्यंत पिकणं शक्यच नव्हतं. "मग तो पेरताच कशाला?" मी विचारलं. "उशिरा पेरल्यानं काय होतं ते कळायला नको?" ते म्हणाले. हे कळायला त्यांना वाफा लागत होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू ताईनं प्लॉटवरच केलं. घर नसलं म्हणून काय झालं, जमीन तर माझी आहे, असं तिचं म्हणणं. एक मेटाडोर भरून मंडळाच्या बायका आल्या, सतरंजीवर बसल्या, तिळगूळ झाला, आणि मग लक्षात आलं की वाणाचे स्टीलचे चमचे घरीच राहिलेत. सवाष्णींना रिकाम्या हातानं कसं पाठवणार? ताई उठली, सरळ तिसऱ्या वाफ्याच्या दाट बाजूला गेली आणि प्रत्येकीच्या ओटीत कोवळ्या शेपूची जुडी घातली. माझी धाकटी ओरडली, "मम्मी, ये तो सोया है यार!" शेपूला इकडे सोयाच म्हणतात. मेटाडोर परतीला पार दिल्लीत धौला कुआंपर्यंत शेपूच्या वासानं घमघमत होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी वाफा पाहिला आणि मला फोन केला. "तुमच्या बहिणीनं माझी दाट बाजू वाणात वाटली!" मी ताईला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "एकाआड एक रोप उपटलंय. जरा मोजून बघा म्हणावं, अंतर बरोबर त्यांच्या पत्रकातलंच आहे." त्यांनी मोजलं. बरोबर होतं. त्यानंतर आठवडाभर ते तिच्याशी फार अदबीनं वागले.

अक्षय्य तृतीयेला पहिले दोन वाफे कापून झाले होते. तिसरा अजून हिरवट उभा. ठेकेदार फावडं घेऊन तयार. "बीबीजी, नींव तो आज ही खुदेगी, मुहूरत है." भाऊजी चष्मा पुसत राहिले. नोटीस, मुहूर्त, घर, सगळं ताईच्या बाजूनं होतं आणि हे त्यांना माहीत होतं. ताईनं नारळ फोडला, पहिलं फावडं स्वतः मारलं आणि ठेकेदाराला म्हणाली, "भैया, उस कोने से शुरू करो. ये वाला कोना पंद्रह दिन बाद." मग भाऊजींकडे वळून, "अहो, आता पाणी नका घालू हं त्याला. सुकू दे."

एका जुन्या सहकाऱ्यानं प्रयोगशाळेत तेल काढून दिलं. तीन बाटल्या. तिसरीत जेमतेम तळ झाकलेला. भाऊजी कमालीचे खूश. "बघा मेहुणीबाई, माझं पत्रक बरोबर होतं. वेळ गेली की अंतर कितीही नीट ठेवा, तेल भरून येत नाही."

घर झालं. शेजारच्या दोन्ही घरांच्या भिंती त्याला चिकटून आल्या. भाऊजी रोज गच्चीवर जाऊन हळहळत. त्या घरात त्यांना दोनच हिवाळे मिळाले.

पहिल्या दोन बाटल्या नातवंडांच्या पोटदुखीत संपल्या. तिसरी ताईच्या फडताळात आहे. परवा फडताळ आवरताना मी म्हटलं, "आता कसला वास राहिलाय त्याला? टाकून दे." तिनं बूच काढून बाटली माझ्या नाकाशी धरली. वास होता.

"अगदीच थोडं आहे गं," मी म्हटलं.

"उशिराचं आहे ना," ती म्हणाली आणि बूच घट्ट लावलं.