मालकाच्या लॉरीचं दार

अण्णांना ऑस्ट्रेलियात ठेवून घ्यायचं, एवढाच एक ध्यास मी त्या वर्षी घेतला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून कऱ्हाडला एकटे राहत होते. दोनदा जिन्यात पडले आणि दोन्ही वेळा मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही आठवड्यानंतर. इथे ॲडलेडला माझा जीव खालीवर. शेवटी त्यांना वर्षभराच्या व्हिजावर घेऊन आले आणि कायमच्या व्हिजाचा फॉर्म छापून फ्रिजवर लावून ठेवला. फक्त सही करायची होती. अण्णा म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे मला पाळण्यातून माहीत आहे.

चूक त्यांचीही नव्हती. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, पायाला भिंगरी. त्यांना मी आणून बसवलं कुठे, तर मॉसन लेक्स उपनगराच्या पलीकडच्या एका जुन्या गल्लीत, जिथे दुपारी कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं. नवरा डार्विनला गॅसच्या कामावर, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. मी दिवसभर युनिव्हर्सिटीच्या आयटी सपोर्टमध्ये, कानात हेडसेट. अण्णा सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, आणि मग परत जाऊन यायचे. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. सगळे नळ आवळून झाले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे एक दिवस चांगलं चालणारं वॉशिंग मशीन उघडून बसले, तेव्हा मी ओरडले. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मी ओरडले की अण्णा गप्प बसतात, आणि ते गप्प बसले की मला आणखी राग येतो. असे आमचे पाच महिने गेले.

मग एका शनिवारी नाश्त्याच्या वेळी मागच्या कुंपणापलीकडून इंजिनाचा आवाज आला. घरघर करायचं, धरल्यासारखं करायचं, बंद पडायचं. अण्णांचा चमचा पोह्यांतच राहिला.

"डिझेलमध्ये हवा धरलीय," ते म्हणाले. परत घरघर. "अरे बाबा, बॅटरी मारशील की अशानं!"

आणि चपला घालून निघालेच. मी मागून धावले, कारण पलीकडच्या माणसाशी चार वर्षांत 'हाय'च्या पुढे माझं बोलणं गेलं नव्हतं, आणि अण्णांचं इंग्रजी म्हणजे येस, नो आणि गाडीचे पार्ट.

पलीकडे एक इंग्रज म्हातारा राहायचा, ऐंशीच्या घरातला, बायको वारलेली. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी विलायती लॉरी उभी होती. लांब नाकाचं बोनेट, लाकडी हौदा, मागे उघडणारा लाकडी फाळका, हिरवा रंग जागोजागी उडालेला. अण्णांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने एअरपोर्टवर माझ्याकडेही बघितलं नव्हतं.

"अगं, हिच्याच बहिणीवर शिकलो मी. वस्तादांची होती. हँडल मारून मारून खांदा निखळायचा."

त्यांनी पाना उचलला, म्हाताऱ्याला दाखवला, त्याची मान हलली तेव्हाच नट सैल केला. हाताने पंप मारला. आधी फेसाळ डिझेल आलं, मग स्वच्छ. नट आवळला आणि लॉरी एका दणक्यात सुरू झाली. म्हातारा असा काही हसला की त्याची कवळी हलली.

त्या दिवसापासून अण्णा घरात फक्त जेवायला आणि झोपायला. ते त्याला 'मालक' म्हणायचे, तो त्यांना 'ड्रायव्हर'. भाषा नव्हती, तरी दोघांचं तासन् तास जमायचं. एकाने पाना पुढे करायचा, दुसऱ्याने मान हलवायची. शनिवार-रविवारी मात्र म्हाताऱ्याला गोष्टी सांगायची हुक्की यायची आणि दुभाषी म्हणून मला बोलावणं यायचं. मला कंटाळा यायचा, खरं सांगते. आठवडाभर लोकांचे पासवर्ड रीसेट करून डोकं उठलेलं, त्यात हे.

असंच एकदा त्याने लॉरीची सगळी हकीगत सांगितली. इंग्लंडच्या उत्तरेला त्याच्या बापाची सहा लॉऱ्यांची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. गिरण्यांची लोकर बंदरावर न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. महायुद्धानंतर सरकारने अशा कितीतरी कंपन्या ताब्यात घेतल्या. साही लॉऱ्या सरकारी डेपोत गेल्या आणि दारांवरच्या नावांवर सरकारी रंग फिरला. बाप स्वतःच्याच लॉरीवर पगारी ड्रायव्हर झाला. काही वर्षांनी सरकारने त्या परत विकायला काढल्या, तेव्हा त्याने ही एक मिळवली आणि पेंटर न बोलावता स्वतःच्या हाताने दोन्ही दारांवर आडनाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'अँड सन'. तो सन म्हणजे हा म्हातारा, तेव्हा शाळेत जाणारा. पुढे हा जहाजात बसून इथे आला, कारखान्यात राबला, आणि बाप वारल्यावर लॉरी मागवून घेतली.

एवढं दहा मिनिटं बोलून त्याने माझ्याकडे बघितलं. अण्णाही बघत होते.

"बापाची लॉरी आहे म्हणतोय," मी म्हणाले. बास. दहा मिनिटांची गोष्ट मी चार शब्दांत उरकली, आणि मोबाईल बघायला लागले.

ऑक्टोबरच्या एका रविवारी गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि म्हाताऱ्याने अण्णांना शेजारी बसवून न्यायचं ठरवलं होतं. अण्णांनी पंधरा दिवस आधीच इस्त्रीसाठी पांढरा शर्ट काढून दिला. त्याच संध्याकाळी फ्रिजसमोर उभे राहून म्हणाले, "भर तो फॉर्म. मिरवणूक झाली की सही करतो." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हसू नका, खरंच रडले. नवऱ्याला डार्विनला फोन करून सांगितलं, अण्णा राहतायत.

मिरवणुकीच्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या बहिणीचं सिडनीला ऑपरेशन निघालं. तो चार दिवस गेला आणि शेडची किल्ली अण्णांच्या हातात देऊन गेला. जाताना मला कुंपणावरून हाक मारली. मला तो 'लव्ह' म्हणायचा, आपण 'बाळ' म्हणतो तसं. त्या दिवशी मी घरूनच काम करत होते, मीटिंग चालू, कानात हेडसेट, हातात चहा.

"लव्ह, तुझ्या बाबांना एवढं सांग. बोनेटखाली काय वाटेल ते करू दे. फक्त दारांना हात लावायचा नाही. ओलं फडकंसुद्धा नाही."

"नो वरीज!" मी म्हणाले, आणि आत आले.

सांगितलं नाही. मुद्दाम नाही हो, विसरले. मीटिंग लांबली, मग दुसरी लागली, आणि ते डोक्यातून उडालं ते उडालंच. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, मला हार्डवेअरच्या दुकानात ने. तिथे त्यांनी हिरव्या एनॅमलचे सतरा डबे उघडायला लावून एक निवडला. पिवळा घेतला, लाल घेतला, ब्रश घेतले, पॉलिश पेपर घेतला. मी फोनवर होते. "कशाला हवंय?" मी विचारलं. "लॉरीला." "बरं." तेव्हासुद्धा मला आठवलं नाही. आठवायला काय झालं होतं मला! रंग माझ्या गाडीतून आला, माझ्या कार्डाने आला.

आता अण्णांचं बघा. आमच्याकडे ट्रक दरवर्षी पासिंगला जातो, तेव्हा तो नखशिखांत रंगवतात. घासायचं, खड्ड्यांत लांबी भरायची, दोन हात रंग मारायचा आणि नाव नव्याने लिहायचं. दसऱ्याला ज्याच्या ट्रकवरचं नाव फिकट, त्या मालकाचं काही खरं नाही, असं लोक समजतात. मित्राची गाडी मिरवणुकीला निघणार आणि दारावर त्याच्या बापाचं नाव अर्धं उडालेलं, हे अण्णांना सहन होणं शक्यच नव्हतं. मित्र गावाला गेलाय, किल्ली आपल्याकडे आहे. येईल तेव्हा खूश होईल.

शुक्रवारी दुपारी म्हातारा टॅक्सीतून उतरून तसाच शेडकडे गेला. मी त्या दिवशीही घरूनच काम करत होते. अण्णांनी मला हाक मारली, "ये गं, मालक आलेत, बघायला ये!" मी गेले, आणि दार बघितलं. सगळं आठवलं. कुंपण, हेडसेट, चहा, सगळं.

दार आरशासारखं चमकत होतं. इंग्रजी धड वाचता न येणाऱ्या माणसाने कागदावर एकेक अक्षर आधी उतरवून घेतलं होतं आणि तेच नाव पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन लिहिलं होतं. खाली 'अँड सन'. कोपऱ्यात छोटं कमळ. आपल्या हायवेवर शोभलं असतं असं देखणं काम. दोन्ही दारं.

म्हातारा एका खोक्यावर बसला. बापाच्या हातची अक्षरं कुठेच उरली नव्हती. अण्णांचं हसू हळूहळू मावळलं, कारण माणसाचा चेहरा वाचायला इंग्रजी लागत नाही. मग म्हाताऱ्याने मान वर केली आणि मला विचारलं, "तू त्यांना सांगितलं नव्हतंस?"

माझं तोंड उघडलं. त्यातून शब्द यायच्या आत अण्णा पुढे झाले.

"शी टोल्ड," ते म्हणाले. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी फरगॉट. ओल्ड मॅन. माय मिस्टेक, मालक."

त्यांना तेवढं इंग्रजी समजतं हे मला माहीतच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. मी सेहेचाळीस वर्षांची बाई, ऑफिसात मॅनेजरला तोंडावर ऐकवणारी, आणि मी खाली मान घालून उभी राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच उभा.

घरी आल्यावर मी चहा टाकला. "अण्णा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुला त्याच्या शेजारी राहायचंय," ते म्हणाले. "मी काय, पाहुणा."

सात महिने मी त्यांना सांगत होते, हे तुमचं घर आहे म्हणून. त्यांनी चहा संपवला, कप विसळला आणि म्हणाले, "माझं तिकीट काढ."

मी समजावलं, भांडले, ओरडले. ते बॅग भरत राहिले. रविवारी मिरवणूक निघाली, लॉरी शेडमधून हलली नाही. निघायच्या दिवशी अण्णा पांढरा शर्ट घालून म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. दार उघडलं नाही म्हणाले. एअरपोर्टवर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला तो हात झिडकारून पळून जावंसं वाटलं.

नंतरचे महिने मी एका जागी बसले नाही. खाई त्याला खवखवे. घरातून बागेत, बागेतून कुंपणापाशी, तिथून परत आत. कपडे वाळत घालायला गेले की पलीकडची शेड दिसायची, म्हणून कपडे घरात वाळत घालायला लागले. हेडसेट लावून फेऱ्या मारताना एकदा कस्टमरच म्हणाला, तुम्ही धावताय का? कऱ्हाडला रोज फोन. जेवलात का, गोळी घेतली का, जिन्यात दिवा लावलात का. "व्हय," म्हणायचे अण्णा. सगळ्याला "व्हय".

फेब्रुवारीत एका शनिवारी मला ते असह्य झालं. सकाळी उशिरा उठले आणि केससुद्धा न विंचरता म्हाताऱ्याच्या दाराची बेल दाबली. त्याने दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं. तुम्ही मला सांगितलं होतं, मी त्यांना सांगितलं नाही, रंगसुद्धा मीच आणून दिला.

"मला माहीत आहे, लव्ह," तो म्हणाला. "मला विचारल्याशिवाय त्याने कधी एक नट फिरवला नाही."

"मग तुम्ही त्यांना भेटलात का नाही? जाताना आले होते ते."

"आधी फार राग होता. दार उघडलं नाही, त्याची नंतर लाज वाटली." त्याने दाराची कडी उगाच दोनदा वरखाली केली. "कसा आहे ड्रायव्हर?"

मी धावत घरी आले आणि अण्णांना फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. मला वाटत होतं, आता सगळं सुटलं. म्हाताऱ्याचा राग गेला, माझं मन मोकळं झालं, आता अण्णा येतील. एका दमात सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "अण्णा, मालकांनी तुमची चौकशी केली. फॉर्म परत भरू का?"

तिकडे अण्णांनी रेडिओ बंद केला.

"त्या दिवशी शेडमध्ये मी तुझ्याकडे बघत होतो," ते म्हणाले. "वाटलं, आता म्हणशील, नाही अण्णा, माझं चुकलं. तेवढं म्हणली असतीस ना, तर राहिलो असतो गं."

मग म्हणाले, "ठेवतो. दूधवाला आलाय."