ओरिसियाच्या तळघरातलं पाणी

दुपारचं जेवण झालं की ओरिसिया बोइचुक तासभर आडवी होत असे. विनिपेगच्या एका कारखान्यात तिने एकोणतीस वर्षं हिवाळी कोट शिवले होते. तेव्हाची राहिलेली झोप आता थोडी थोडी भरून काढतेय, असं ती सांगे. एप्रिलातल्या त्या दुपारीही तिचा डोळा लागला. बाहेर बर्फ वितळत होता, छपराच्या कडेवरून थेंब पडत होते, आणि त्या टपटपीच्या लयीत तिला वाटायला लागलं की घर जागचं सुटलंय, पलंगासकट, पडद्यांसकट, कुठे तरी संथ निघालंय. काचेला काच हलकेच लागावी तशी किणकिण ऐकू येत होती. ती जागी झाली तरी किणकिण चालूच होती. खालून येत होती.

तिने तळघराचं दार उघडलं. जिन्याला बारा पायऱ्या, पण त्या दिवशी दहाच दिसत होत्या. छताजवळच्या बुटक्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. ते पाण्यावर पडून वर उडत होतं आणि सगळं छत सोनेरी जाळ्यासारखं हलत होतं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घोळक्याने तरंगत होत्या, एकमेकींना टेकत होत्या. त्यांच्यामधून तारासचा एक लोकरी सपाता डुलत डुलत चालला होता. तारास, तिचा नवरा, आदल्या जूनमध्ये गेला होता.

ओरिसियाला पाण्याची जन्माची भीती. पन्नास सालच्या पुरात, सात वर्षांची असताना, वडिलांनी तिला खिडकीतून उचलून नावेत दिलं होतं. तेव्हापासून ती नदीकाठी म्हणून गेली नव्हती. पण आता भीती वाटेना. तिला त्या उजेडाकडे बघतच राहावंसं वाटलं. ती पायरीवर बसली, एक मोजा काढला आणि पाय खाली सोडणार, इतक्यात मागच्या दारातून हाक आली.

"आते! पाय वर घ्या आधी!"

शेजारचा दाल्मासियो. त्याच्या मुलखात, फिलिपीन्समध्ये, थोरल्या बहिणीला आते म्हणतात. तो तिलाही तसंच हाक मारी. जन्मभर त्याने इस्पितळातल्या फरशा पुसल्या होत्या, त्यामुळे पाणी आणि घाण या दोन विषयांत तो कुणाचं ऐकत नसे.

"किती छान दिसतंय बघ," ती म्हणाली.

"छान दिसतंय आणि विजेचा झटका बसला म्हणजे? स्वर्गात जाऊन तारासला काय सांगाल, छान दिसत होतं म्हणून बुडवले पाय?"

ती हसली आणि उठली. दाल्मासियो कान देऊन ऐकत होता. कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी उपसायचा पंप होता, त्याची घरघर चालू होती.

"पंप चालतोय," तो म्हणाला, "पण पाणी उतरत नाही. त्याची नळी बाहेर कुठे निघते?"

तिला माहीत नव्हतं. ते खातं तारासचं होतं. दोघं घराच्या उत्तरेच्या भिंतीशी गेली. तिथे छातीएवढा बर्फाचा ढीग होता. हिवाळाभर ओरिसियानेच तो रचला होता. वाटेवरचा बर्फ फावड्याने उचलायचा आणि जवळ पडतं म्हणून भिंतीशी टाकायचा. दोघांनी आळीपाळीने ढीग उकरला. तळाशी नळीचं तोंड सापडलं, बर्फाने गच्च बुजलेलं. तिने किटलीभर गरम पाणी आणून ओतलं, मग दुसरी किटली. तिसऱ्या किटलीला नळी खोकली, थरथरली आणि धो धो वाहू लागली.

"कधीचा घुसमटला होता बिचारा," दाल्मासियो म्हणाला. मग तो फावड्यावर टेकून उभा राहिला आणि जरा अडखळत बोलला, "आते, तारास भिंतीशी बर्फ ठेवत नसे."

नसेच. एकतीस हिवाळे तो मुलीच्या जुन्या घसरगाडीवर बर्फ भरायचा आणि दोरीने ओढत पार मागच्या गल्लीपर्यंत न्यायचा. ओरिसिया खिडकीतून ओरडायची, "निघाली का स्वारी? बर्फाला फिरायला नेतोस, मला मात्र कधी नेलं नाहीस!" तो नुसती टोपी हलवायचा.

"मी एकदा विचारलं होतं त्याला," दाल्मासियो म्हणाला. "म्हणाला, घराच्या पायाशी ठेवला तर एप्रिलमध्ये वितळून आत येऊन बसतो. खालची जमीन गोठलेली, पाणी जाणार कुठे? मी म्हटलं, मग आतेंना सांग की, उगीच शिव्या खातोस. तर म्हणाला, घराखाली पाणी आहे हे तिला कळलं तर तिची झोप उडेल."

ओरिसिया नळीच्या तोंडाशी वाकली. नळीतून पाणी जात होतं, वितळत्या बर्फातून वाट काढत गल्लीकडे निघालं होतं. एकतीस वर्षं ती शांत झोपली होती. त्या झोपेसाठी कुणी तरी बर्फ ओढून ओढून दूर नेत होतं, आणि ती खिडकीतून त्याची थट्टा करत होती. तिने हातमोज्याने डोळे पुसले. दाल्मासियो उगाचच फावड्याचा दांडा तपासत राहिला.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. जिन्याच्या माथ्यावरच्या बोर्डातून त्याने तळघराची वीज बंद केली, मगच तिला गमबूट घालून उतरू दिलं. पुढचे तीन दिवस दोघं राबली. गालिचा, गादी, पुठ्ठ्याची खोकी बाहेर गेली. भिंतीच्या लाकडी अस्तराचा फुगलेला खालचा हातभर भाग त्याने करवतीने कापून काढला, कारण मागे ओल राहिली की बुरशी धरते. साबणाच्या पाण्याने फरशी दोनदा घासून झाली. मग पंखे लागले आणि ते दोन आठवडे फिरत राहिले. त्यांच्या आवाजात घर विमानासारखं वाटे.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. खालच्या फळीवर बीटच्या भरलेल्या बरण्या होत्या.

"झाकणं घट्ट आहेत!" ओरिसिया म्हणाली.

"झाकणाखाली घाण शिरते ती दिसत नाही. टाकायच्या."

"माझ्या बागेतलं बीट आहे, मेल्या!"

"मग बागेलाच परत द्या."

बाग अजून बर्फाखालीच होती. तिने एकेक बरणी उघडली आणि बागेच्या टोकाला जाऊन ओतली. पांढऱ्यावर लाल पसरलं, मग गुलाबी झालं, मग कडेला जवळजवळ निळसर. कुणी तरी तिथे बसून मोठा कोट बेतत असावं, असं तिला वाटलं. राग कधी गेला ते तिला कळलं नाही.

मुलगी लेस्या कॅलगरीहून रोज फोन करी. "मामो, घर विकून टाक. इथे माझ्याजवळ सातव्या मजल्यावर जागा आहे. तिथे कुठलं पाणी येणार?"

"सातव्या मजल्यावर मी करू काय, ढगांना शिवण घालू?" ओरिसिया म्हणाली. "हे बघ, पाणी का आलं ते आता मला ठाऊक आहे."

उन्हाळ्यात तिने भिंतीशी माती टाकून घेतली आणि पायाने तुडवून तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला. छपराच्या पन्हळीला लांब नळी जोडून तिचं तोंड पार गुलाबांपलीकडे नेलं. हिवाळा आला तशी शेडमधून घसरगाडी काढली. थंडीत दुपारच्या निळसर उजेडात ती दोरी ओढत गल्लीकडे जायची. कधी कधी तिला वाटायचं, आपण बर्फ नाही, काही तरी झोपलेलं ओढतोय, हळू न्यायला हवं. पुढच्या एप्रिलमध्ये तळघर कोरडं राहिलं.

बातमी गल्लीत फिरली. तेव्हापासून मार्चअखेरीला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आपापला पंप तपासायला तिला बोलवू लागल्या. परवा कोपऱ्यावरच्या हालिना स्वितलिककडे गेली, तर हालिना जिन्यातच हात जोडून उभी. "आमचा पंप पाच वर्षांत वाजलाच नाही गं. मेला असेल."

ओरिसियाने बादलीभर पाणी खड्ड्यात सावकाश ओतलं. पाण्याबरोबर पंपाचा तरंगता गोळा उचलला गेला, पंप खाकरला आणि सुरू झाला. हालिना धावत वर गेली आणि अंगणातून तिचा आवाज आला, "आलं! अगं, पाणी बाहेर आलं!"

ओरिसियाने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. खड्ड्यातलं पाणी उतरताना बघायला तिला आवडायचं.