काळी अ‍ॅम्बेसेडर दादाने खराब केली नव्हती

माझ्या भावाने कुणाचीही मोटार खराब केली नाही.

हे आधी वाचा. मग हात जोडा.

दादा काल दुपारी गेला. ऐंशीला टेकला होता. मी त्याचा फोटो टाकला, त्याखाली त्याच्या जुन्या मालकांच्या चिरंजीवांनी कमेंट केली आहे : "यांनी आमच्या अ‍ॅम्बेसेडरचं वाटोळं केलं होतं, पण माणूस मनाने चांगला."

वर हसणारं तोंड आणि खाली नमस्कार.

चिरंजीव, तुम्ही तिथे होतात. तुमच्याच सोयरिकीचा दिवस होता तो. विसरला असाल तर मी सांगतो. मला मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो, पण आज मला वेळच वेळ आहे.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. दादा सोलापुरात या मालकांकडे ड्रायव्हर होता. वहिनी त्याच घरात भांडी घासायची. मी नुकताच गिरणीत लागलो होतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी मालक वळसंगहून परत येत होते. कुणीतरी बडा माणूस येणार म्हणून रस्त्यावर पिवळे पट्टे मारायचं काम चाललेलं. दादाने गाडी थांबवली.

"मालक, पट्टा वला हाय."

"घाल गाडी. उद्या अकलूजचे पाहुणे यायचेत, हितं मुक्काम करायचाय का?"

घातली. काळ्याभोर गाडीच्या दोन्ही दारांवर पिवळे शिंतोडे. खाली डांबर आणि माती होतीच.

दादाची एक रीत होती. आधी पाण्याने माती काढायची, कोरडं कधीच घासायचं नाही. मग शिंतोड्यांवर करडीचं तेल थापायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी वेस्टने, म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताने, नुसतं टिपायचं.

"रंग फुगतोय तेलात," तो मालकांना म्हणाला. "सकाळी आपसूक सुटतंय. तवर कुणी हात लावू नका की."

मालक हो म्हणाले.

मला त्याने गिरणीच्या गेटबाहेरून वेस्ट आणायला सांगितलं होतं, तेही वेचून. एक काडी राहिली तरी पॉलिशवर ओरखडा. मी पहाटे उठून धागा न् धागा चाचपला.

आम्ही दोघे सात वाजता पोचलो. मोटार घासून झाली होती.

झालं असं, की सकाळी मालकीणबाईंना तेलावर बसलेली धूळ दिसली. दहाला पाहुणे यायचे आणि दारात असली गाडी! वहिनी हौदावर तांब्या-पितळेची भांडी घासत होती. चिंच आणि विटेची भुकटी समोरच होती.

"पितळ लखलखतं, मग हे नाही का निघणार? घास."

वहिनी म्हणाली, "ह्यांना इचारते की."

"त्याला काय विचारायचं? गाडी त्याची आहे का?"

आणि मालक ओट्यावर चहा पीत हे ऐकत होते. रात्री हो म्हणालेले मालक. एक शब्द बोलले नाहीत.

वहिनीने घासली. जीव लावून घासली, पातेल्याचं बूड घासावं तशी. पिवळा रंग निघाला. त्याच्याबरोबर काळाही निघाला. दारांवर पांढुरके ओरखडे उठले, मडगार्डवर तर पत्रा दिसायला लागला.

दहाला पाहुणे आले. सगळ्यांसमोर मालकांनी दादाला गाडीजवळ उभं केलं.

"ह्या गाढवानं केलंय हे."

दादाने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान किंचित हलवली. गप बस, असं.

"व्हय," म्हणाला. "माजीच चूक."

दादाचे हात स्वच्छ होते. वहिनी हौदाशी उभी होती, तिची नखं, बोटं काळी, पार मनगटापर्यंत. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. ज्याला बघायचं होतं त्याला दिसत होतं. चिरंजीव, तुम्ही तर नव्या कपड्यांत हौदापासून चार पावलांवर होतात.

आणि मी? वेस्टचं गाठोडं छातीशी धरून उभा. माझं तोंड शिवलं होतं का? याचा राग तुमच्यावरच्या रागाहून मोठा आहे.

दादाला त्याच दिवशी काढलं. वर गावभर नाव पडलं, घाश्या. त्या नावाच्या माणसाच्या हाती स्टिअरिंग कोण देणार? जन्मभर विजापूर रोडच्या एका सर्व्हिसिंगवाल्याकडे दुसऱ्यांच्या गाड्यांचं डांबर आणि रंग काढत राहिला. तेल, वेस्ट, धीर. एका गाडीवर ओरखडा नाही.

कमाल म्हणजे, पुढे याच मालकांची नवी फियाट तिथेच यायची. मी म्हटलं, थुंक तिच्यावर.

"गाडीनं काय केलंय?" म्हणाला, आणि टिपत राहिला.

असला भाऊ! मला त्याचाही लई राग यायचा.

आज सकाळी मी ती कमेंट वहिनीला वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. ऐकून तिने आपल्या हातांकडे बघितलं.

मग म्हणाली, "लिवा, भावजी. मोटार म्या घासली. बाईंनी सांगितलं म्हणून घासली. ह्यांनी मला शपथ घातली हुती, म्हणून पन्नास वर्सं गप बसले. आता शपथ घालनाराच गेला."

लिहिलं, वहिनी.

चिरंजीव, कमेंट डिलीट करू नका. तिच्याखालीच उत्तर द्या. आम्ही वाचतोय.

दादा, गाठोडं घेऊन उभा राहिलेला तुझा भाऊ आज बोलला. फार उशिरा बोलला. भावपूर्ण वगैरे मला जमत नाही, मी अजून चिडलेलाच आहे.

रामराम, दादा.