पाहुण्याचं ताट

भूत, करणी, अंगात येणं — यातलं मला कधीच काही पटलं नाही. फौजेत नको नको तिथे एकट्याने ड्यूटी केली, कधी काही दिसलं नाही. कोणी असलं सांगायला लागलं की मी हसायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

आमची वस्ती आटपाडीच्या पलीकडे, माळावर. थोडी डाळिंबं, चार शेळ्या. माझ्या नोकरीची सगळी वर्षं हे सुनंदाने, माझ्या बायकोने, एकटीने सांभाळलं. मी सुट्टीवर आलो की ती फळीवरचं नवं स्टीलचं ताट काढायची, कोंबडं शिजवायची, मला आधी वाढायची. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

रिटायर होऊन कायमचा आलो, तरी जेवायला तेच ताट! मी एकटा पुढच्या सोप्यात जेवायचो. सुनंदा आणि मुलगी नंतर चुलीपाशी, गप्पा मारत. मी आत गेलो की गप्पा बंद. बागेत कशाला हात लावला की, "आवं ऱ्हाऊ द्या, तुमाला न्हाई जमायचं." वाईट बोलायची नाही हो ती... पण गावात मी 'मेजर' आणि घरात पाहुणा. इतकं एकटं मला बर्फातल्या पोस्टवरही वाटलं नव्हतं. शेवटी साताऱ्यात एका कारखान्यावर सिक्युरिटीची नोकरी धरली. सुनंदा "बरं" म्हणाली. एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी आटपाडीचा बाजार होता. मुलीसकट अख्खी वस्ती बाजाराला गेलेली, घरी आम्ही दोघंच. मी बागेच्या टोकाला उगाच गवत काढत बसलो होतो. ऊन डोक्यावर आलं आणि हाक आली —

"सुक्याऽऽ! ये रं, भाकरी निवाय लागली!"

खुरपं टाकून मी चालायलाच लागलो... लहानपणी निघायचो तसा. निम्म्या वाटेत पाय थांबले. मी लय वाळका होतो म्हणून 'सुक्या' म्हणायची ती फक्त माझी आई. आणि ती मी शाळेत असतानाच गेली.

सुनंदा पिठाच्या हातांनी दारात उभी होती, इकडेतिकडे बघत.

"आवं, कोन बाई आलीया का? आत्ता परड्यातनं कुनाला तरी जेवाय बलवत हुती."

"काय म्हनत हुती?"

"सुक्या, सुक्या करत हुती. ह्यो सुक्या कोन?"

हे नाव मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. कसंबसं म्हणालो, "मी."

आणि मला रडू कोसळलं. फौजी गडी, भर दुपारी, बायकोसमोर. ती आत गेली. मी सवयीने सोप्यात टेकलो, तर आतून आवाज आला, "तितं कुटं बसताय? हिकडं या की चुलीपशी."

भाकरीसंगं कालचंच कोरड्यास होतं. तिच्याच ताटात दोघं जेवलो.

घरामागचं परडं धुंडाळलं, कोणी नव्हतं. बाजारातून परतलेल्या बायकांना विचारलं, उलट त्याच आमच्याकडे बघत राहिल्या. मला भास झाला म्हणावं, तर तिला कसा झाला? कोणाला माहीत असेल तर सांगा, मला तरी अजून कळलेलं नाही.

साताऱ्याला गेलो नाही. स्टीलचं ताट आता पाहुणा आला तरच निघतं. ती हाक पुन्हा आली नाही. मात्र दुपारी सुनंदा दारातून ओरडते, "आवं या, भाकरी निवाय लागली!" पूर्वी ती मला असं कधी बोलवत नव्हती.