भट्टीत न गेलेले बोल्ट

यशवंतपूरच्या एका प्लेटिंगवाल्याकडे आमच्या कंपनीचा माल तपासायला जाताना माझं डोकं आधीच तापलेलं असायचं. कडक पोलादाच्या बोल्टांवर जस्त चढवलं की ते लगेच भट्टीत तापवावे लागतात, नाहीतर आत शिरलेला हायड्रोजन त्यांना ठिसूळ करतो. तो मात्र भट्टी टाळायचा.

"चमक बघा मॅडम! स्वल्प... थोडंसं अ‍ॅडजस्ट करा," एकदा तो म्हणाला.

मी त्याच्यासमोरच एक बोल्ट नियमात ठरलेल्या ताणाइतकाच आवळला आणि खुर्ची ओढून बसले. दुपारपर्यंत मी त्या बोल्टवर नजर ठेवून होते. मग कुणी हात न लावता बोल्टचं डोकं ताडकन उडालं.

"तुम्हीच जास्त आवळलात!" तो ओरडला.

मी सगळा माल नाकारला. पुढे तो भट्टी वापरू लागला, पण माझ्याशी बोलणं त्यानं सोडलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.