पक्क्या रंगाचा राजा

एका दसऱ्याला आमच्या घरी राजाचा शास्त्रज्ञ झाला. तो मी केला. राणीला कुणी विचारलं नव्हतं.

हे समजायला आधी माझं जनरल नॉलेज समजून घ्यायला हवं. मी बेट्टदपुरच्या डोंगराखालचा. आम्ही रंगारी, कापड रंगवायचं, ठसे मारायचे आणि बाजारच्या दिवशी विकायचं. आमच्या घराण्यात बीएस्सी झालेला मी पहिलाच. म्हैसूरच्या एका कचेरीत इंटरव्ह्यूला गेलो, तर साहेबांनी कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नाईल नदी कुठल्या समुद्राला मिळते, एवढंच विचारलं. मी तिला उगमापासून हात धरून आणली, वाटेतले देश दाखवले, पिरॅमिडांपाशी थोडी विश्रांती दिली आणि मग भूमध्य समुद्राच्या स्वाधीन केली. साहेब म्हणाले, "पुरे, पुरे!" आणि नोकरी लागली. तेव्हापासून ज्ञानाबद्दल माझ्या मनात इतकी कृतज्ञता आहे की भेटेल त्याला थोडं द्यावंसं वाटतं. (घ्यायला फारसं कुणी थांबत नाही.)

माझी बायको सुलोचना, टी. नरसीपूर या गावची. तिच्या माहेरी नवरात्रात गोंबे मांडायची पद्धत, म्हणजे पायऱ्या उभारून त्यांवर बाहुल्या बसवायच्या आणि शेजारपाजारच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. आमच्या गावच्या घरी रंगाच्या हंड्या ठेवायला जागा नव्हती, तिथे बाहुल्या कुठून येणार! पण लग्नात सासूबाईंनी लेकीला पट्टद गोंबे दिले. ही राजाराणीची जोडी. आईने लेकीला द्यायची, लेकीने सगळ्यात वरच्या पायरीवर बसवायची. ती दिल्याघेतल्याशिवाय तिकडच्या बायकांना लग्न झाल्यासारखं वाटत नाही. मंगळसूत्र असतंच, पण ते सगळ्यांकडेच असतं!

देताना सासूबाईंनी बजावलं होतं, "सुलू, ही माझ्या आईची जोडी. पहिल्या दसऱ्याला मी स्वतः येऊन बघणार. नीट ठेवली नसलीस तर वनजाला देईन, मग रडायचं नाही."

वनजा म्हणजे माझी धाकटी मेहुणी. तिचंही लग्न ठरलं होतं आणि त्या जोडीवर तिचा लहानपणापासून डोळा होता. त्यामुळे दसरा जवळ आला तशी सुलोचनाला झोप लागेना. उठायची, ट्रंकेला हात लावून यायची. मला वाटायचं, आत दागिने आहेत.

मी तिला मदत करायचं ठरवलं. (आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात याच वाक्याने होते.) म्हटलं, "तेच तेच हत्ती-घोडे सगळीकडे असतात. आपण जनरल नॉलेजचा दसरा करू! एका पायरीवर जगातली प्रसिद्ध ठिकाणं, एका पायरीवर थोर शास्त्रज्ञ, एका पायरीवर समाज. येणाऱ्या बायका चार गोष्टी शिकून जातील."

"येणाऱ्या बायका सुंडल खाऊन जातील," ती म्हणाली. सुंडल म्हणजे वाफवलेले हरभरे. नवरात्रात घरोघरी तोच प्रसाद. "वरची पायरी माझी. तिला हात लावायचा नाही. खाली काय करायचं ते करा."

मी वरच्या पायरीला हात लावला नाही. हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं, ही विनंती.

समाजाची पायरी सोपी गेली. मातीच्या बाहुल्यांची लग्नाची वरात होती, तीच मतदानाची रांग म्हणून उभी केली. नवरानवरी सर्वांत पुढे, मागे वाजंत्री. ठिकाणांच्या पायरीवर बांगड्यांच्या रिकाम्या डब्यांचा इटलीतला झुकता मनोरा केला आणि म्हैसूरपाकाचा पिरॅमिड. पिरॅमिडाला दुपारपर्यंत मुंग्या लागल्या, पण मी म्हटलं, असू दे, मजूर म्हणून शोभतील. मनोऱ्याचं मात्र काही खरं नव्हतं. जी बाई येई ती "अय्यो, पडतंय की!" म्हणून तो सरळ करी. माझे वडील अप्पा, तेव्हा आमच्याकडेच राहायचे, त्यांनी तर त्याच्याखाली खपटाचा तुकडा घालून तो कायमचा सरळ करून टाकला.

राहता राहिले शास्त्रज्ञ. मुरलीधराच्या हातातली मुरली काढली, झाडाला एक लाल मणी टांगला, आणि सफरचंद पडताना बघणारे इंग्लंडचे शास्त्रज्ञ तयार झाले. (ते मोरपीस लावून बसले आहेत हे माझ्या नंतर लक्षात आलं.) पण पांढऱ्या पिंजारलेल्या केसांचे ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ? त्यांच्याशिवाय पायरी म्हणजे वराशिवाय वरात!

सुलोचना राजाराणीला नेसवायला रेशमी तुकडे आणि जर आणायला मार्केटात गेली होती. ट्रंक उघडी होती. मी आत पाहिलं. तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात दोन लाकडी बाहुल्या निघाल्या. अंगावर कपडा नाही, डोक्यावर मुकुट नाही, नाकडोळे असून नसल्यासारखे. मला वाटलं, अर्धवट राहिलेला माल आहे. राजाराणी म्हणजे मुकुट, मिशा, तलवार, निदान थोडा सोनेरी रंग! राजवाड्याच्या गावात नोकरी करत होतो मी. राजा कसा दिसतो एवढं मला कळत होतं.

दोघांतला उंच होता तो मी अप्पांच्या हातात ठेवला. अप्पांनी काम सोडून बरेच महिने झाले होते आणि त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

"काय करू याचं?"

"शास्त्रज्ञ. काळा कोट, पांढऱ्या मिशा, पांढरे केस. केस वारा लागल्यासारखे."

"एवढा शिकलेला माणूस, आणि घरात कंगवा नाही?"

"विचारात असतात ते, अप्पा."

"कच्चा रंग देऊ का पक्का?"

आता पाहा, इथे मला एक सोपा प्रश्न विचारला गेला होता. नाईलइतका अवघड नव्हता. मी छाती फुगवून म्हणालो, "आपल्या घराण्याला शोभेल असा द्या!"

अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी हिरड्याचं पाणी चोळलं, तुरटी चोळली, लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा काढला. असा काळा, की धोबी मरेल पण रंग उतरणार नाही! पांढऱ्यासाठी शेजारच्या रंगकाम चाललेल्या घरातून तेलाचा रंग मागून आणला. चिंचोक्याच्या खळीने कापसाचे केस चिकटवले. मी लांबून पाहिलं आणि मला भरून आलं. दुसऱ्या बाहुलीतून रेडियम शोधणाऱ्या पोलंडच्या बाई करायच्या होत्या, पण काळा रंग संपला. (देव असतो.)

तेवढ्यात समोरच्या पार्वतम्मा कुंकवाची वाटी घेऊन आल्या. त्यांनी आधी मनोरा चाचपला, सरळच होता. मग शास्त्रज्ञापुढे थबकल्या.

"इवरु यारप्पा? कुठले स्वामी हे?"

"स्वामी नाहीत, शास्त्रज्ञ आहेत. काळ सगळ्यांसाठी सारखा जात नाही, हे यांनी शोधलं."

"हौदु, हौदु! माझ्या नणंदेच्या घरी अर्धा तास बसलं की दिवस गेल्यासारखा वाटतो. खरं आहे त्यांचं." असं म्हणून त्यांनी शास्त्रज्ञाच्या कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि स्वयंपाकघराकडे बघत बसून राहिल्या.

सुलोचना आली. ट्रंकेपाशी गेली. फडकं उलगडलं. मग, "अहो! राणी आहे. राजा कुठाय?"

"कुठला राजा?"

"लाकडी! राणीशेजारी होता तो!"

मी मान वळवून शास्त्रज्ञांच्या पायरीकडे पाहिलं. सुलोचनाने माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं. कपाळाला कुंकू, पांढऱ्या मिशा, पिंजारलेले केस. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "अम्मा संध्याकाळच्या बसने येतेय."

मी राजाला उचलून न्हाणीघरात पळालो. साबण लावला. रॉकेल लावलं. चिंच, लिंबू, राख, घरात होतं नव्हतं ते सगळं लावलं. केस निघाले, त्यामुळे विद्वान शास्त्रज्ञाचा टकला विद्वान झाला. मिशांचा पांढरा रंग पसरून गालांवर आला, तेव्हा साबण लावून न्हाव्याची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो दिसू लागला. कोट मात्र होता तसाच.

"अप्पा, उतरत नाही हो!"

"कसा उतरेल?" अप्पा दारात उभे राहून अभिमानाने म्हणाले. "सुम्ने, उगाच घासू नकोस, हात दुखतील."

"काहीतरी उपाय असेल ना!"

"उपाय असता तर लोकांनी आपल्याकडून कापड घेतलं असतं काय? आण इकडे, मी दाखवतो तुला." आणि त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला, रंग काढायला नव्हे, तो निघत नाही हे सिद्ध करायला! लाकडातला तुरट अंश आणि लोखंडाचं पाणी एकत्र आलं की काळा रंग कायमचा बसतो. बीएस्सीला माझं रसायनशास्त्र होतं. मार्क चांगले होते.

बाहेर पार्वतम्मांबरोबर आता आणखी बायका जमल्या होत्या. सुलोचनाने एकट्या राणीला वर बसवलं होतं आणि डोळे पुसत सुंडल वाटत होती. मला खुणेने म्हणाली, "काहीतरी बोला, सगळ्यांना खाली बघू द्या!"

बोला! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलायला सांगत होतं. मी पिरॅमिडावर सुरुवात केली. एक पाय न्हाणीघराकडे, एक बायकांकडे. दगड कसे आणले ते सांगितलं, नाईलच्या पुराचं सांगितलं, घाम पुसला, मतदानाच्या रांगेवर आलो, स्त्रियांना मतदानाचा हक्क देण्यात आपला देश कसा पुढे आहे ते सांगितलं, आणि पुन्हा पिरॅमिडावर गेलो, कारण न्हाणीघरातून ब्रशचा आवाज अजून येत होता. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पाप, बिचारा किती घाबरलाय बघ. मास्तर नवीन आहे वाटतं."

आणि दारातून आवाज आला, "मी आधीच्याच बसने आले. गर्दी नव्हती."

सासूबाई!

त्यांनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि कुणाकडेही न बघता थेट वरच्या पायरीकडे पाहिलं.

"सुलू, राणी एकटी का? राजा कुठंय?"

सुलोचनाला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "आंघोळीला गेलाय, अम्मा."

बायका हरभरे चावायच्या थांबल्या. त्याच क्षणी न्हाणीघराचं दार उघडलं आणि माझे तीर्थरूप राजाला दोन्ही हातांत उंच धरून बाहेर आले.

"बघा! दगडाने घासलं मी! एक थेंब उतरला नाही!"

सासूबाईंनी पुढे होऊन राजाला हातात घेतलं. काळा कोट पाहिला, टक्कल पाहिलं, गालांवरचा पांढरा रंग बोटाने पुसून पाहिला. निघाला नाही. सुलोचना खांबाला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, जोडी आत्ता पिशवीत जाणार.

"हा कोण?" सासूबाईंनी मला विचारलं.

खरं तर "चूक झाली" एवढंच म्हणायचं होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायची मला सवय. मी म्हणालो, "मूळचे जर्मनीचे, नंतर अमेरिकेत गेले. व्हायोलिनही वाजवायचे."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा राजाकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "आता हा वनजाला कसा देऊ? तिच्या सासरची माणसं पहिल्याच दिवशी विचारतील, राणीशेजारी हा वकील कोण म्हणून. काय सांगायचं तिने? आणि राणी एकटी देता येत नाही. राहू दे इथंच. इथल्यांना तरी माहीत आहे तो कोण ते."

सुलोचना रडली. मग हसली. मग राजाला जरीचं उपरणं गळ्यापर्यंत गुंडाळलं, टकलावर लाल फेटा बांधला आणि राणीशेजारी बसवला. सर्दी झालेल्या संस्थानिकासारखा दिसत होता, पण जागेवर होता. अप्पा प्रत्येक बाईला उपरणं बाजूला करून रंग दाखवत होते.

ती जोडी आजही आमच्याकडे आहे. दर दसऱ्याला कुणी ना कुणी विचारतंच, "राजा असा का हो दिसतो?" मी तोंड उघडायच्या आत सुलोचना सांगून टाकते, "चांगला होता हो. जरा जास्त शिकला, म्हणून असा झाला."

हे सांगताना ती बाहुलीकडे बघत नाही. माझ्याकडे बघते.