गाडीला दिलेलं ओंगण

आमच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं त्याला बरेच दिवस झाले, पण खड्डा आला की मी अजून श्वास धरूनच असते. निखळलं म्हणजे सुटून पळालं नाही बरं का. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी गोळा असतो, वाटीत बसवलेला, आपल्या खुब्याच्या हाडासारखा. मिस्त्री लोक त्याला बॉल जॉइंट म्हणतात. तो वाटीतून बाहेर आला आणि चाक पाय मोडलेल्या बैलासारखं बाहेरच्या अंगाला पडलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की बाजूच्या सीटवर हे बसले आहेत आणि आज यांच्या डायलिसिसचा नंबर आहे.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची मला सवय नाही, आता या वयात कुठे लावून घेऊ.

आमचं गाव राळेगावच्या इकडे. डायलिसिस यवतमाळला. आठवड्यातून दोनदा जायचं, परत यायचं. लेक आहे, पण ती तिच्या संसारात, दूर. गाडी मीच चालवते. जुनी आहे, जुनीच घेतली होती, बैलजोडी विकली त्या साली. कापसाची पराटी निघून गेलेल्या रिकाम्या वावरात यांनी मला शिकवली. मी क्लच सोडला की गाडी उडी मारायची आणि हे ओरडायचे, "अवं, हळू! ढेकूळ फोडून राह्यली काय?" तेव्हा हसू यायचं. तेव्हा यांचे पाय सुजत नव्हते.

उन्हाळ्यात एकदा गाडी बंद होती म्हणून आम्ही एसटीनं गेलो. येताना बसायला जागा मिळाली नाही. डायलिसिस झाल्यावर माणूस कसा होतो ते ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. नुसतं पिळून काढलेलं फडकं. हे दांड्याला लटकून उभे राहिले आणि कळंब यायच्या आधीच खाली बसले, लोकांच्या चपलांमध्ये. घरी आल्यावर म्हणाले, "आता एसटीनं मी जात नाही. गाडी हाय तोवर जाईन. गाडी बसली तं मीही बसलो."

मी म्हटलं, असं बोलतात काय? तर म्हणाले, "बोलून राह्यलो ना." आणि कूस वळवली. हे रागाने बोलले असते तर मी भांडले असते. शांतपणे बोललेल्या माणसाशी कसं भांडायचं, सांगा.

तेव्हापासून मी त्या गाडीला देवासारखं जपायला लागले. आणि हेही. नंबर नसायचा त्या दिवशी दुपारी अंगणात पोतं अंथरायचे आणि गाडीखाली डोकं घालून काहीतरी करत बसायचे. बैलबंडी होती तेव्हा हे दर पोळ्याच्या आधी चाकं काढून आसाला ओंगण द्यायचे. ओंगण म्हणजे ते काळं, चिकट वंगण, हाताला लागलं की चार आंघोळी जात नाही. आमच्या बंडीचा आस कधी कुरकुरला नाही, गावात तसं म्हणायचे लोक. आता बंडी नाही, तर ग्रीसचा डबा आणून गाडीला देत होते. मला बरंच वाटायचं. दिवसभर भिंतीकडे बघत पडण्यापेक्षा हातांना काम आहे. हात काळे करून आत यायचे आणि चहा मागायचे. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे अर्धाच कप, पण मागायचे तरी.

मग कापूस वेचणीला लागला तेव्हा आवाज सुरू झाला. खड्डा आला की कट. गतिरोधक आला की कट कट. मी यांच्यासमोर त्याचं नाव काढलं नाही. वाटायचं, बोलले की हे म्हणतील, झालं, बसली गाडी. हेही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन पुन्हा गाडीखाली गेले आणि आणखी ओंगण भरलं. दोघंही ऐकत होतो आणि दोघंही बहिरे.

त्या दिवशी कळंबच्या अलीकडे वळणावर मी गाडी हळू केली, म्हणून वाचलो. मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातच फिरलं आणि गाडीचं नाक डांबराला टेकलं. हे समोर बघत म्हणाले, "बसली."

मी म्हटलं, "काही बसली नाही. उतरा."

कापूस भरलेली एक पिकअप मागून येत होती. त्या ड्रायव्हरने थांबून चाक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे बापा, काकू! हे काय करून ठेवलं? बाबाजीले दवाखान्यात न्याचं हाय काय? बसवा माझ्या केबिनात." त्यानेच ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. चावी तिथल्या पानठेल्यावर ठेवली. हे चढत नव्हते. म्हणाले, "तू जा घरी. मले राहू दे इथंच." रस्त्याच्या कडेला, वाळलेल्या गवतात, इथंच म्हणे. ड्रायव्हर म्हणाला, "बाबाजी, इथं राहून काय माकडं हाकलता? चला, मले कापूस घेऊन जिनिंगवर नंबर लावाचा हाय." आणि धरून वर बसवलं. माझ्याने ते झालं नसतं.

दवाखान्यात उशीर झालेला. दुसऱ्याचा नंबर लागला होता. शेवटी थोडा वेळ मशीन मिळालं, पुरतं नाही. परत कळंबपर्यंत एसटीने. या वेळी जागा मिळाली, पण जात नाही म्हणालेला माणूस मी त्याच बसमध्ये बसवला होता. हे पूर्ण वाट डोळे मिटून होते. झोपलेले नव्हते.

मिस्त्रीने तोवर एका बाजूचा, माझ्या बाजूचा, नवा जॉइंट बसवला होता. जुना हातात घेऊन मला दाखवू लागला. गोळ्यावर रबराची टोपी असते, आतलं ग्रीस आतच राहावं, धूळ-पाणी जाऊ नये म्हणून. "हे पाहा. रब्बर कापलं हाय. आतमंदी सगळी माती गेली. कोनं कापलं हे?"

मी बघितलं. सरळ कापलेलं, ब्लेडने. बंडीच्या आसाला ओंगण द्यायचं तर चाक काढावं लागतं. इथं यांना ग्रीस आत घालायला वाट दिसली नसेल, म्हणून वाट केली होती. गाडी बसू नये म्हणून केली होती.

"उंदरानं खाल्लं असन," मी म्हणाले.

"उंदीर ब्लेड घेऊन आलता काय काकू?" मिस्त्री हसला. "आन् दोनी बाजूले सारखंच? दुसरंही कापलेलं हाय. तो जॉइंट भेटला नाही, जुनी गाडी हाय ना, नागपूरहून मागवतो. तोवर हळू चालवा. आन् कोणी हात लावू नका बापा."

हे तिथंच जुन्या टायरवर बसले होते. सगळं ऐकलं. आपल्या हातांकडे बघितलं, नखांमध्ये काळं होतंच.

घरी येताना गाव जवळ आल्यावर बोलले. "गाडी हाय तोवर म्हणलं होतं. अन् गाडी म्याच मारली."

"अर्धी मारली," मी म्हटलं. "अर्धी हाय अजून."

"मंग अर्धाच जातो का?"

"अर्धेच चला. मले चालते."

हसले नाहीत. मीही नाही.

पुढच्या नंबराच्या सकाळी मी गाडी अंगणात काढून उभी केली आणि आत बघितलं. हे बाजेवर बसून होते. मी हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. काय म्हणून मारू? किती वेळ गेला कोण जाणे, मग चपला घासत आले आणि बसले. का आले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता जातो आम्ही, पण पूर्वीसारखं नाही. पोतं घडी करून बैलांच्या रिकाम्या कोठ्यात टाकलंय. ग्रीसचा डबा मी लपवायच्या आधीच यांनी कुणाला तरी देऊन टाकला. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. चहा मागत नाहीत, मी दिला तर घेतात. नवा जॉइंट बसवला त्या दिवशी मिस्त्रीने यांचं तेवढं एक कामही काढून घेतलं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

नागपूरहून माल अजून आलेला नाही. मी फोन करते, तो म्हणतो, येऊन राह्यला काकू.

मागच्या खेपेला गतिरोधकावर यांच्या बाजूने आवाज आला. कट. हलकाच. यांनी मान माझ्याकडे वळवली.

"आयकलं?"

"काय?" मी म्हणाले. "मले तं काही आयकू नाही आलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग समोर बघितलं.

"बरं," म्हणाले. "मंग चाल."